लेक पहिलीत, आई दौऱ्यावर

कुडाळ तालुक्यातल्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून ते थोडक्यात देते.

त्या आणि त्यांचे पती दोघंही एका फिरत्या बालनाट्य कंपनीत आहेत. पती टेम्पो चालवतात आणि लाइट्स बघतात. त्या दोन भूमिका करतात आणि कपडेपट सांभाळतात. लेक साडेसहा वर्षांची आहे. चालायला लागल्यापासून ती दौऱ्यावर सोबत असते आणि गेल्या हंगामापासून एका नाटकात खारीचं छोटं कामही करते. येत्या जूनमध्ये ती पहिलीत जाईल. सासूबाई म्हणतात, "चेडवाक हयच ठेव, मी आसंय मा" (मुलीला इथेच ठेव, मी आहे ना). पती म्हणतात, "तू दोन-चार वर्षं थांब, मग बघू." कंपनीचे मालक म्हणतात, तुमच्या घरचं तुम्ही ठरवा आणि दिवाळीआधी कळवा. मैत्रीण लिहितात, "दुसऱ्यांच्या पोरांना हसवत फिरायचं आणि आपलं पोर घरी रडत ठेवायचं, हे मनाला पटत नाही. सोबत नेलं तर शाळा बुडते. मी थांबले तर माझी जागा दुसरी कुणीतरी घेईल. आणि शेवटी बालनाट्यच तर आहे, त्यासाठी एवढा हट्ट करावा का? मी स्वार्थी आई आहे का?"

प्रिय मैत्रिणी,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, तुम्ही स्वार्थी नाही. स्वार्थी बाईला हा प्रश्न पडत नाही आणि ती चार पानी पत्रही लिहीत नाही.

तुमच्या पत्रात तीन माणसं बोलतात आणि तिघंही तुम्हालाच काहीतरी करायला सांगतात. एकीकडे मुलगी ठेव, एकीकडे तू थांब, एकीकडे ठरव आणि कळव. टेम्पोत दोघं बसता, मूल दोघांचं आहे, कंपनी दोघांच्या कामावर चालते. तरी प्रश्न "मी स्वार्थी आई आहे का" असा झाला. "आम्ही कसं करायचं" असा तो झाला नाही. मला वाटतं, तुमची निम्मी घुसमट ह्या मांडणीत आहे.

तुम्ही दशावताराच्या मुलखात राहता. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की मंडळी पेटारे घेऊन बाहेर पडतात आणि पावसाच्या तोंडावर घरी परततात. आज ह्या देवळापुढे दहीकाला, म्हणजे दशावताराचा प्रयोग, उद्या दुसऱ्या गावात. पिढ्यान् पिढ्या तिकडचे बाप्ये अर्धं वर्ष असे रात्री बाहेर काढत आले. मुंबईला गिरणीत गेलेले चाकरमानी तर गणपतीला नाहीतर शिमग्याला दिसायचे. ह्यातल्या कुणाला "तुम्ही स्वार्थी बाप आहात का" असं कुणी विचारल्याचं माझ्या ऐकिवात नाही, कारण घरी बाई होती. दशावतारात बायकांची कामंही पुरुषच करत आले. बाई स्वतः मेकअप करून दौऱ्यावर निघते, ही आपल्याकडे त्या मानाने नवी गोष्ट आहे. घराची घडी मात्र जुनीच राहिली आहे आणि ती तुमच्या मानेवर बसते आहे.

पण ह्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. बाप बाहेर असलेल्या त्या घरांतली मुलं आपोआप सुखात वाढली, असं मी म्हणणार नाही. माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांना आजीने जिवापाड सांभाळलं, तरी बापाशी काय बोलावं हे त्यांना आयुष्यभर सुचलं नाही. बाप नेमका कधी येणार, किती दिवस राहणार, हे त्यांना कुणी सांगायचंच नाही. मूल दूर राहिल्याने जेवढं दुखावतं, त्याहून जास्त ह्या धूसरपणाने दुखावतं, असं मला त्यांच्याशी बोलताना वाटत आलं आहे. तुमच्या लेकीसाठी हीच गोष्ट आधी सांभाळायची आहे.

आता जरा वही काढू. तुमच्या मनात "आठ महिने दौरा" असा एक मोठा ढग आहे. तो रात्रींत मोजा. कंपनीची गेल्या हंगामाची बुकिंगची वही मागून घ्या आणि प्रत्येक तारखेपुढे एवढंच लिहा: त्या रात्री तुम्ही घरी झोपलात की बाहेर? दशावतार रात्रीचा असतो, तुमचे शाळेतले प्रयोग दिवसाचे असतात. सकाळी दहाला एक, दुपारी दोनला दुसरा, मग सेट उतरवून टेम्पो भरायचा. मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडी, कणकवली ह्यांतलं काहीही कुडाळहून इतकं लांब नाही, की दिवसाचा प्रयोग करून रात्री घरी येता येऊ नये. अशा दिवशी तुमची लेक शाळेतून घरी येईल, आजीकडे खाईल, खेळेल आणि जेवायच्या वेळेपर्यंत तुम्ही दारात असाल. कुडाळच्या बँकेत नोकरी करणारी आईही साधारण त्याच वेळेला घरी पोहोचते.

खरा प्रश्न खारेपाटणच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या हद्दीच्या, पलीकडचा आहे. राजापूर, लांजा, रत्नागिरी. मग जयगडहून फेरीबोटीत टेम्पो चढवून तवसाळला उतरायचं की गुहागर. तिथून धोपाव्याला जाऊन पुन्हा फेरीबोट, दाभोळला उतरलं की दापोली. ह्या फेरीत मुक्काम करावाच लागतो, कधी शाळेच्या वर्गात सतरंज्या टाकून, कधी देवळाच्या धर्मशाळेत, कधी गावातल्या कुणाच्या पडवीत.

तेव्हा शाळा चालू आहे आणि आई-बाबा दोघंही रात्री घरी नाहीत, एवढ्याच रात्री वहीत वेगळ्या करा. शाळेचं पहिलं सत्र जूनच्या मध्यावर सुरू होतं आणि दिवाळीपर्यंत चालतं. तो सगळा काळ पावसाचा आणि गणपतीचा, म्हणजे तुमची कंपनी घरीच असते. पहिलीची सुरुवात, नवी बाई, नवी मैत्रीण, अक्षरांची पहिली ओळख, हे सगळं तुम्ही घरी असताना होणार आहे. दिवाळीची सुट्टी लागली की ती तुमच्याबरोबर येऊ शकते. शिमग्याला गावोगाव पालख्या निघालेल्या असताना बालनाट्याला कोण बोलावतंय? मार्च-एप्रिलमध्ये शाळा परीक्षेच्या गडबडीत असतात. मे महिन्यात चाकरमानी गावी आलेले असतात, वाडीवाडीतल्या पूजांना संध्याकाळचे प्रयोग लागतात, तेव्हा लेकीलाही सुट्टी असते. उरतो तो दिवाळीनंतरचा काळ, स्नेहसंमेलनांचा हंगाम धरून फेब्रुवारीपर्यंत. त्यातले जवळचे प्रयोग वजा करा. हाती जो आकडा येईल तो तुमचा खरा प्रश्न. तो "आठ महिन्यां"पेक्षा बराच लहान निघेल, अशी माझी खात्री आहे.

हा आकडा समोर ठेवून तिन्ही सल्ल्यांकडे पुन्हा पाहा.

सासूबाईंचा सल्ला प्रेमाचा आहे आणि मला तो त्यातल्या त्यात जवळचा वाटतो. पण आजी रिकामी असते, हे आपण धरून चालतो. कोकणातल्या आजीचं वर्ष त्यांना विचारून बघा. दिवाळीच्या आसपास भात कापणी-झोडणी, फेब्रुवारी उजाडला की काजू. तुमच्या पत्रात त्यांच्या गुडघ्याचा उल्लेख एका ओळीत येऊन गेला आहे, तो मला महत्त्वाचा वाटतो. शाळेत पोहोचवणं-आणणं कोण करणार? रात्री मुलीला ताप आला तर दवाखान्यात कोण नेणार? शेजारच्या घरातलं एक माणूस ह्यासाठी आधीच ठरवून ठेवा, त्याला तसं स्पष्ट सांगा आणि पैसे आजीच्या हाती ठेवा. "मी आसंय मा" ह्या शब्दांवर सगळं सोडून जाणं हे सासूबाईंवरही अन्यायाचं आहे.

पूर्ण वेळ सोबत नेण्याच्या मात्र मी विरोधात आहे. तिला टेम्पो आवडतो, ह्यात शंका नाही. कपड्यांच्या गाठोड्यावर झोपायचं, रोज नवं गाव, सगळी कंपनी लाड करणार. पण पहिलीत मूल वाचायला शिकतं आणि वाचन रोजच्या सरावाने बसतं. तुकड्यातुकड्यांत शाळा झाली तर मागे पडलेलं मूल वर्गात गप्प होतं, आणि मग त्याला शाळा आवडेनाशी होते. मजुरीसाठी महिनोन् महिने एकाच ठिकाणी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या मुलांना शिक्षण हमी कार्डावर तिथल्या शाळेत बसता येतं. तुमचं गाव रोज बदलतं, त्यामुळे ती सोय तुमच्या उपयोगाची नाही. वर्षात एखाद्या वेळी चार दिवस न्यायचंच झालं, तर वर्गशिक्षिकेला आधी भेटा. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांचा पट विसाच्या आत आहे, शिक्षिका प्रत्येक मुलाला नावाने ओळखतात, त्या काय करून घ्यायचं ते आनंदाने सांगतील. अभ्यास मुक्कामाला पोहोचल्यावर सकाळी घ्या. घाटातल्या वळणांवर चालत्या गाडीत पुस्तक उघडायला लावलंत तर पोर ओकेल आणि पुस्तकाचाच कंटाळा करेल. दोडामार्ग-बांद्याच्या बाजूला जानेवारीनंतर प्रयोग असेल, तर तिला काजूच्या बागांत किंवा रानात भटकू देऊ नका. माकडतापाचे दिवस असतात आणि तो गोचिडीतून येतो.

खारीच्या कामाबद्दल थोडं कडक लिहिते. ती हौसेने करते, टाळ्या मिळतात, तुम्हाला कौतुक वाटतं. पण तिकीट किंवा मानधन घेऊन चालणाऱ्या प्रयोगात चौदा वर्षांखालचं मूल काम करतं, तेव्हा त्याला कायदा लागतो. बालकामगारविषयक कायद्याचे २०१७ साली सुधारलेले नियम बालकलाकारांबद्दल स्पष्ट आहेत: ज्या जिल्ह्यात कार्यक्रम होणार तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही, शिक्षणात खंड नाही, आणि मुलाच्या कमाईतले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावाच्या मुदत ठेवीत. मालकांना हे ठाऊक आहे का, ते विचारा. आणि कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. तिची भूमिका प्रयोगाला लागते असं एकदा झालं, की तिला न नेणं कंपनीला अडचणीचं होतं. साडेसहा वर्षांच्या मुलीच्या शाळेचा निर्णय प्रयोगाच्या गरजेवर अवलंबून राहू नये. खार दुसऱ्या एखाद्या मोठ्या नटाला द्या. मे महिन्यात तिला हौस वाटली तर तिने विंगेत बसून नाटक बघावं.

विंगेचा विषय निघालाच आहे तर, दौऱ्यावर मूल सोबत असेल तेव्हा प्रयोगाच्या वेळी ते नेमकं कुणाच्या नजरेत आहे, हे रोज नाव घेऊन ठरवा. तुम्ही रंगमंचावर, पती लाइट्सवर, आणि मूल "कंपनीतल्या सगळ्यांकडे" असेल तर ते कुणाकडेच नसतं. पडद्यामागे वायरी, डिमर, उघडे बोर्ड असतात, आणि अनोळखी गावात अनोळखी माणसं ये-जा करत असतात. यजमान कितीही चांगले वाटले तरी मुलीला त्यांच्या घरी एकटी पाठवू नका.

आता पतींच्या सल्ल्याकडे येते. "तू थांब" ह्यात दुष्टपणा नाही, सवय आहे. त्यांच्याकडे गाडी आणि लाइट्स आहेत, ऐनवेळी दुसरा माणूस मिळणं कठीण, हे मला मान्य आहे. पण तुमच्या दोन भूमिका आणि कपडेपट हे सोपं आहे, असं कुणी ठरवलं? कोणता अंगरखा कुणाला घट्ट होतो, दुसऱ्या प्रवेशात कोण किती वेळात कपडे बदलतो, कुठला मुखवटा घामाने ओला होऊन सुटतो, हे सगळं तुमच्या डोक्यात आहे. मला वाटतं, लांबच्या फेऱ्या वाटून घ्याव्यात. एका फेरीला तुम्ही घरी, एका फेरीला ते. त्यासाठी पावसाळ्यात कंपनीतल्या एखाद्या तरुणाला लाइट्सची क्यू शिकवावी आणि एखाद्या मुलीला तुमच्या भूमिकांची तालीम द्यावी. रिप्लेसमेंट तयार असली की आपली जागा जाते, ही भीती मी समजू शकते. पण फिरत्या कंपनीत कधी ना कधी कुणीतरी आजारी पडतंच, आणि बदली कलाकार तयार करणारी बाई मालकाला सोडवत नाही. घरी राहाल त्या फेरीची नाइट, म्हणजे प्रयोगाचे पैसे, बुडतील, हा हिशोबही आधीच मांडा. दोघांनी थोडं थोडं सोसलेलं, एकाने चार वर्षांची कमाई सोडण्यापेक्षा बरं. फेरी लांबलीच, तर चिपळूण किंवा रत्नागिरीहून दिवसाची मांडवी एक्सप्रेस पकडून दोघांपैकी एकाने मधल्या सुट्टीच्या दिवशी कुडाळला येऊन जावं.

"दोन-चार वर्षं थांब" ह्याबद्दल अजून एक. चार वर्षांनी ती पाचवीत जाईल, अभ्यास वाढेल, तेव्हा "आता कशाला जातेस" असं म्हटलं जाईल. थांबायचं असेल तर परतायची तारीख मालकांसमोर ठरवून थांबा. आणि तुम्हाला स्वतःला एखादं वर्ष घरी राहावंसं वाटत असेल, तर तेही खुशाल करा. मग मात्र ते तुमच्या इच्छेने झालं आहे, असंच म्हणा.

"बालनाट्यच तर आहे" हे तुमच्या पत्रातलं वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. सुधा करमरकरांनी १९५९ साली मुंबईत लिटल थिएटर ही बालनाट्य संस्था सुरू केली, ते मुलांचं नाटकही मोठ्यांच्या नाटकाइतकंच मन लावून, नीट नेपथ्य, संगीत, वेशभूषेसह करायला हवं, ह्या आग्रहाने. पुढे पुण्यात ग्रिप्स ह्या मूळ जर्मन बालनाट्य चळवळीचं काम उभं राहिलं आणि मोठे नट लहान मुलांच्या भूमिकांतून मुलांचेच प्रश्न मांडू लागले. मुंबई-पुण्याच्या मुलांना सुट्टीत नाट्यगृहात नेणारे पालक असतात. आडगावच्या केंद्रशाळेत जेव्हा आजूबाजूच्या तीन-चार शाळांची मुलं एकत्र आणून तुमचा प्रयोग होतो, तेव्हा त्यातल्या कितीतरी जणांनी पडदा उघडताना पहिल्यांदाच पाहिलेला असतो. तिथे तुम्ही पोहोचता, कारण तुम्ही रात्री सतरंजीवर झोपायला तयार असता. ह्या कामासाठी तुम्ही हट्ट करावा असं मला वाटतं, आणि तो घरातही करावा.

मालकांना एक विचारायला हवं. मुलांसाठी नाटक करणाऱ्या कंपनीत कलाकारांच्या मुलांचा प्रश्न "तुमच्या घरचा" कसा? लांबचे प्रयोग वर्षभर विखुरलेले घेण्याऐवजी दोन-तीन फेऱ्यांत एकत्र घ्यावेत, दोन फेऱ्यांमध्ये जवळचे प्रयोग ठेवावेत, तारखा महिनाभर आधी लिहून द्याव्यात. डिझेलही वाचेल. कंपनीत आज तुमची लेक आहे, उद्या आणखी कुणाचं बाळ असेल. ज्यांच्या घरी आजी नाही, ज्या एकट्याने मूल वाढवतात, त्यांना तर तारखा आधी कळल्याशिवाय दुसरा मार्गच नाही. दशावतारी, ऑर्केस्ट्रावाले, महिनाभर समुद्रावर जाणारे खलाशी, ह्या सगळ्यांच्या घरी हीच गोष्ट उपयोगी पडेल: कोण कुठे आहे आणि कधी येणार, हे मुलाला माहीत असलं पाहिजे.

लेकीला ते असं सांगा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर जायचा आणि यायचा दिवस तिच्या हाताने रंगवून घ्या. ती झोपलेली असताना गुपचूप निघू नका. रडली तरी चालेल, पण जाग्या डोळ्यांनी निरोप होऊ दे. रोज ठरलेल्या वेळेला फोन करा आणि जिथे रेंज नसते त्या गावांच्या तारखांना "आज फोन येणार नाही, उद्या सकाळी येईल" हे आधीच सांगून ठेवा. ती निरोपाच्या वेळी किती रडते ह्यापेक्षा तुम्ही गेल्यावर ती जेवते का, झोपते का, शाळेत जाते का, हे आजीला आणि शिक्षिकेला विचारा. दोन-तीन आठवड्यांनंतरही झोपेत दचकणं, अंथरूण ओलं होणं, शाळेला नाही म्हणणं चालू राहिलं, तर त्या हंगामापुरता बेत बदला आणि दोघांपैकी एकाने घरी थांबा. बेत बदलला म्हणून तुम्ही हरलात असं होत नाही.

मालक दिवाळीआधी म्हणतात, पण तेवढं थांबू नका. गणपती झाले की शाळांचे फोन सुरू होतात, आणि एकदा तारखा दिल्या की त्या हलवायला कुणी तयार नसतं. हे बोलणं श्रावणातच उरकून घ्या, दोघं मिळून जा, आणि रात्रींचा हिशोब कागदावर मांडून सोबत न्या.